साळूबाईंची हरकत

“आता खाली उतरायला नको, आजी. तुमचं नाव वरच्या शाळेत घेतलंय,” शर्मिलाबाईंनी प्रारूप यादीवर बोट ठेवलं. त्या शिक्षिका, मतदार याद्यांचं कामही त्यांच्याकडेच. आंबेनळीच्या वाटेवरच्या या गावात यंदा दोन मतदान केंद्रं झाली होती.

साळूबाईंचा सुपातला हात थांबला. “मला खालचीच शाळा पायजे.”

“अगो, गुडघे बघ तुझे!” पडवीतून मुलगा, महादू, म्हणाला. “खालच्या वाडीशी आपला संबंध नाय. तुटलं ते बरं झालं.”

“मत दिलं की तिथल्या देवीला नारळ देते मी. नेम हाय माझा.”

“देवी काय पळून जाते? मी नेतो की गाडीवरनं.”

“नेमाला गाडी नाय चालत.”

शर्मिलाबाई हसल्या. “मग हरकत घ्या. सोमवारपर्यंत मुदत आहे. पोलादपूरला यावं लागेल मात्र.”

सोमवारी उपास. साळूबाई तशाच एसटीनं तहसील कचेरीत गेल्या.

“लोक केंद्र जवळ मागतात, तुम्ही लांब मागताय?” कारकुनानं विचारलं.

“देवीचं काम हाय, भाऊ.”

त्यानं नकाशा पाहिला. घर अगदी हद्दीवर. “बसेल खालच्या यादीत. पण सगळं घर जाईल हां, तुम्ही एकट्या नाही.”

साळूबाई जरा घुटमळल्या. “जाऊ दे,” म्हणाल्या.

अंतिम यादी लागली तेव्हा महादू भडकला. “तुझ्या नारळापायी आता मला त्या लोकांत उभं ऱ्हायला लागणार!” साळूबाई वाती वळत राहिल्या.

मतदानाच्या दिवशी तो तरातरा पुढे गेला. पुरुषांची रांग शाळेच्या मागल्या अंगाला होती.

साळूबाई लगेच रांगेत शिरल्या नाहीत. आंब्याखाली टेकल्या. येणाऱ्या बायांना “व्हा गो पुढं, दम खाते” म्हणत राहिल्या.

खालच्या वाडीतून एक तरुण बाई आली, कडेवर लहान मूल. ती रांगेत उभी राहिली तशा साळूबाई उठल्या आणि तिच्या मागे उभ्या राहिल्या. तिनं वळून पाहिलं नाही. रांग थोडी सरकली. तिनं मूल खांद्यावर घेतलं. त्याचं तोंड मागे आलं.

“आये,” समोरच बघत ती हळू म्हणाली, “ही तुझी नात.”