डब्याचे चार कान

सून चार हाका मारल्या तरी माडीवरनं खाली कारखान्यात येत नव्हती. आणि आली ती हातात कागद घेऊन, सासूच्या हुकमात तोंड घालायला. शांताक्कांना हे खपणारं नव्हतं.

हुकूम साधा होता. उद्यमनगरातल्या त्यांच्या भांड्यांच्या कारखान्यात केरबा अठरा वर्षं प्रेस चालवत होता. अ‍ॅल्युमिनियमची गोल चकती दाबायची, की डबा निघायचा. पण काठ कधी सरळ येत नसे. चार ठिकाणी कानासारखा वर. तेवढं कातरून भंगारात.

"हात वाकडा हाय तुझा. उद्यापासनं येऊ नगंस," अक्का म्हणाल्या. केरबा खाली मान घालून उभा.

"अक्का, हात नाही, पत्रा वाकडा आहे," सून दानेश्वरी म्हणाली. धातूचा पत्रा दाबला की कसा ताणतो, याच विषयावर विद्यापीठात तिची पीएचडी चालली होती.

"पत्रा? सगळीकडनं सारखाच तर दिसतोय!"

"वरनं दिसतोय. आत नुसते बारीक कण. गिरणीत पत्रा लाटताना बरेचसे एका दिशेला वळतात. मग दाब आला की प्रत्येक कण आपल्या वाटेनं सरकतो. एकेकाचं गणित मांडायचं, असले हजारो जोडायचे, की अख्खा पत्रा कुठं जास्त ताणेल ते कळतं. चार दिवस कॉम्प्युटर तेच करतोय. या कागदावर त्याचं उत्तर आहे."

तिनं एक कोरी चकती उजेडात धरली. लाटल्याच्या पुसट रेघा कुठून कुठं जातात ते पाहिलं, आणि कागद बघून काठाला खिळ्यानं चार खुणा केल्या.

"कान इथं येणार."

"सरक. केरबा, तूबी लांब हो." अक्कांनी पदर खोचला. चकती स्वतः ठेवली, दांडा स्वतः ओढला. डबा निघाला. चार कान, चार खुणांवर.

अक्कांनी डबा बाजूला ठेवला. दुसरी चकती घेतली, तिच्यावरही खुणा करून घेतल्या. ठेवताना मात्र मुद्दाम तिरकी फिरवली. दोष हाताचा नाहीतर मशीनचा असता, तर कान जुन्याच जागी आले असते. ते खुणांबरोबर फिरून आले.

अक्कांनी काठावरनं अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"केरबा, उद्या आठला ये. सव्वाआठ केलेस तर बघ."

मग सुनेकडं वळल्या, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

"मला वाटायचं, हितं शाणं माणूस मी एकटीच. दोघी हाय की गं आपण!"