जड लागलं की सांगा

समता कॉलनीत नीलकंठरावांनी आयुष्यभर सागाच्या पाट्यांवर नावं कोरली. कंपवाताने हात थरथरू लागले, तसं दुकान बंद झालं. मुलगी राधिका बँकेतून आली की कागदावर काढलेल्या अक्षरांबरहुकूम नावं कोरणारं यंत्र बनवत बसे आणि ते खुर्चीतून तिला टोमणे मारत. त्या रविवारी तिने यंत्राची मोटर ती चालवणाऱ्या ड्राइव्हला जोडून बटण दाबलं. मोटर फिरेना, नुसती गुरगुरत थरथरली. "हे कोरणार नावं?" ते तुच्छतेने हसले. "हे तं माझ्याहून जास्त थरथरून राहिलं!" राधिकाला ते लागलं. तिने वीज बंद करून मोटरच्या चारही तारा सोडवल्या. "जोड्या चुकल्या, बाबा. मी दोन-दोन तारा एकमेकींना टेकवते, तुम्ही मोटरचा हा दांडा, शाफ्ट, फिरवा. जड लागलं की सांगा, ती जोडी बरोबर." "मले काहून? तुझ्या मीटरले विचार." "मीटर बिघडलंय." कुरकुरत त्यांनी खिशातून हात काढला. चारचौघांत ते तो खिशातच ठेवत. चिमटीत शाफ्ट धरून ते फिरवू लागले. "हलकं... हलकंच आहे... थांब. आता जड." राधिकाने तशा तारा जोडल्या. मोटर गुमान फिरू लागली. "पहिली पाटी कोणाच्या नावाची करू?" तिने विचारलं. "पाटी म्हणे! अक्षर पाहिलं काय तुझं? कोंबडीचे पाय! माझ्या गिऱ्हाइकाच्या दारावर असलं अक्षर नाही लागणार." त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "पेन्सिल घे. आधी 'श्री' काढून दाखव."