वरची रांग

लाइट गेले, पंखा मंदावला आणि कॉम्प्युटर विझला.

सून खुर्चीत तशीच बसून राहिली. हात अजून माउसवरच. समोरचा मॉनिटर चालू होता, पण त्यावरचं स्वयंपाकघर गेलं होतं. निळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरं होती, थोड्या वेळाने तीही मावळली. ती लोकांना त्यांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढून देत असे. हा नकाशा आज रात्रीपर्यंत पाठवायचा होता. टेबलाखाली बॅटरीची पेटी जोरजोरात पिकपिक करत होती.

“सेव्ह केलं होतंस ना?” नवऱ्याने विचारलं.

“दुपारी जेवायच्या आधी. तूच म्हणाला होतास, आता लाइट गेले तरी तुला पत्तासुद्धा लागणार नाही.”

म्हणाला होता. पेटी घरात आणली त्या दिवशी, चांगली छाती फुगवून. “लग्नात तरी एवढी हमी दिली नव्हतीस,” असं ती तेव्हा हसून म्हणाली होती. दर थोड्या वेळाने काम सेव्ह करायची तिची सवय तेव्हापासूनच सुटली.

त्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि टेबलाखाली शिरला. तो विमा कंपनीत होता. कुठे आग लागली, कुठे पाणी शिरलं, की जाऊन पाहायचं आणि चूक कुणाची ते सांगायचं, हे त्याचं काम. कॉम्प्युटरची वायर त्याने बोटांत धरली आणि धरत धरत पेटीपर्यंत नेली. पेटीला पिना खोचायच्या दोन रांगा होत्या. वरच्या रांगेला बॅटरीचा आधार. खालची नुसती विजेचा दाब अचानक वाढला तर वाचवणारी. लाइट गेले की ती मेलेली. वायर खालच्या रांगेत जात होती. वरची रांग भरलेली होती. पुढे पाहायची त्याला गरज वाटली नाही.

तो गुडघ्यांवरूनच वळला. माशांच्या टाकीशेजारी स्टुलावर त्याचे वडील बसले होते. दिवसाचा बराच वेळ ते तिथेच असत, टाकीच्या काचेवर तळवा ठेवून.

“बाबा, इथे खाली फडकं तुम्हीच मारता ना?”

“रोज मारतो. अरे, पण तुझे मासे...”

“मासे राहू द्या हो! मी काय विचारतोय? कॉम्प्युटरची पिन तुम्ही काढली होतीत का?”

वडिलांनी मुलाकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. ती उठसूट रडणाऱ्यांतली नव्हती, पण तिची हनुवटी थरथरत होती.

“काढली असेन,” ते म्हणाले. “हल्ली माझ्या लक्षात राहत नाही.”

“जाऊ दे रे,” सून म्हणाली.

“काय जाऊ दे? परवा दूध गॅसवर ठेवून खाली फिरायला गेले. आज हे. ज्यातलं कळत नाही त्याला हात लावायचाच कशाला? आम्ही दोघं बाहेर असताना घर यांच्यावर टाकायचं तरी कसं, सांग मला!”

पेटी पिकपिकत राहिली. वडिलांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. घराची किल्ली ते दोऱ्यात ओवून तिथे ठेवत. ती काढून त्यांनी टेबलाच्या कडेवर ठेवली, आवाज होणार नाही अशी. मग हात पुन्हा काचेवर नेला.

सुनेचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली. दार लोटलेलं होतं, तरी शब्द ऐकू येत होते. “सॉरी, सर... नाही, घरातच झालं. सासऱ्यांकडून चुकून पिन निघाली. वय झालंय त्यांचं... हो, उद्या सकाळी नक्की.”

वडील टाकीकडे पाहत होते. ऐकू आल्याचं त्यांनी दाखवलं नाही.

मुलाला आता ती पिकपिक सहन होईना. त्याने पेटीवरचं आवाज बंद करायचं बटण दाबलं. आवाज थांबला. पंखा बंद, फ्रिज बंद, सगळं घर गप्प झालं.

आणि बुडबुडे ऐकू आले.

टाकीतला दिवा विझलेला होता. पण कोपऱ्यातल्या नळीतून हवेचे मणी सुळसुळत वर येत होते, एकामागून एक. त्याने टॉर्च फिरवला. हवेच्या पंपाची बारीक पांढरी वायर टाकीच्या कडेवरून उतरून टेबलाच्या मागे गेली होती. पेटीकडे. वरच्या रांगेत.

गेल्या आठवड्यात लाइट गेले तेव्हा दोन मासे पोट वर करून तरंगले होते. म्हणून आज सकाळी, बायको झोपलेली असताना, त्याने टेबलामागे हात घालून चाचपत एक काळी पिन उपटली होती आणि खालच्या रांगेत खोचली होती. प्रिंटरची समजून. मोकळ्या झालेल्या जागी पंप लावला होता. हात झटकून चहा प्यायला गेला होता.

त्याचे कान तापले. टेबलावर किल्ली होती. हात पुढे झाला, पण किल्लीपर्यंत पोचला नाही.

गॅलरीचं दार वाजलं. बायकोच्या चपला इकडे येऊ लागल्या. ती आत आली की तिलाही हे बुडबुडे ऐकू येणार होते.

त्याने टॉर्च बंद केला, टेबलामागे हात घातला आणि पांढऱ्या वायरची पिन ओढली. टाकी गप्प झाली.

अंधारात वडिलांनी काचेवरचा हात उचलला.

“लाव परत,” ते हळूच, त्याला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाले. “माशांची काय चूक?”