दोन सेकंद थांबा

ओमानमधल्या दुक्मच्या बंदरावर नोकरीला असलेला अबू सैफ हौशी रेडिओच्या डिजिटल रिपीटरवर, म्हणजे सगळ्यांचं बोलणं दूरवर पोचवणाऱ्या सामायिक केंद्रावरून, मस्कतच्या मुबारकशी तासन्‌तास उंटांच्या शर्यतींबद्दल बोलायचा. एकदा रिपीटर सांभाळणाऱ्या हिलालकाकांनी मध्येच झापलं, "अरे, समोरच्याचं झालं की लगेच बोलायचं बटण दाबू नका. दोन सेकंद थांबा. दुसऱ्या कुणाला बोलायचं असेल."

"कोण बोलणार आहे, काका!" म्हणून अबू सैफ थांबला.

त्या शांततेत एका बाईने नियमाप्रमाणे आधी आपलं संकेतनाव सांगितलं. मग म्हणाली, "निझ्वाहून उम्म सैफ. महिन्यापूर्वी परवान्याची परीक्षा पास झाले. तेव्हापासून रोज इथे बोलायचा प्रयत्न करतेय."

बायकोचा आवाज ओळखायला अबू सैफला जरा वेळच लागला. "अगं, मग मागच्या आठवड्यात घरी आलो होतो, तेव्हा नाही का सांगायचं?"

"घरी तुम्हाला कोण थांबवणार?"