पक्ष्यांच्या सोबतीतलं घर

रविवारी सकाळी दहा वाजता अनिशच्या नोएडातल्या फ्लॅटमध्ये भिंतीतून पिलं ओरडायला लागली. अनिशने बेडरूमची जाहिरातींच्या साउंड मिक्सिंगची रूम केली होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड पॅनेल लावले होते आणि जुन्या विंडो एसीचं भोक सुताराने आदल्याच दिवशी बाहेरून प्लायवूड ठोकून बुजवलं होतं. त्या भोकात साळुंकीचं घरटं होतं.

"तुला माहीत होतं?" रेवतीने नवऱ्याला विचारलं.

"सुतार म्हणाला होता. पण यार, काम अर्धवट सोडायचं का?"

"शी! जिवंत आहेत ती, अनिश. पॅनेल काढ आधी."

"काढतो ना. एवढी जाहिरात पाठवून होऊ दे."

जाहिरात एका बिल्डरची होती: पक्ष्यांच्या सोबतीतलं घर. अनिशने माइक पॅनेलला टेकवला. "ऐक, काय क्लीन आवाज आहे! विकतसुद्धा मिळणार नाही असा." मग तिला बाहेर काढून त्याने दार लावून घेतलं.

संध्याकाळी तो हसतच बाहेर आला. बिल्डरच्या ऑफिसातून मेसेज होता: 'लव्हली! चिड़िया थोड़ी और बढ़ा दो.'

रेवती स्क्रूड्रायव्हर घेऊन आत घुसली. पॅनेलमागून आता काहीच ऐकू येत नव्हतं. अनिशने माइक पुन्हा जवळ आणला.

"थांब, उघडू नकोस. आधी जरा ठोकून बघ. घाबरली की ओरडतील."

बाल्कनीच्या कठड्यावर साळुंकी अजून बसून होती. तिच्या चोचीत अळी होती.