शिंपीकाकांचं माप

शिंपीकाका झोपेत दात खायचे. दाढा झिजून सपाट झाल्या होत्या, एकीला तर तडाच गेला होता, आणि ती करकर सहन होईना म्हणून काकूंनी आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं होतं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी रात्री दातांवर चढवायचं कव्हर करून द्यायचं ठरवलं. मापासाठी काकांच्या दातांचा साचा घेतला, त्यातून प्लास्टरचे पांढरे जबडे काढले आणि वरचा खालच्यावर बसवून कपाटात ठेवले.

कव्हर तयार व्हायच्या आतच काका हसत हसत आले.

"बाई, तुमच्या हाताला गुण आहे. माप घेतलंत त्या रात्रीपासून सगळं बंद. ही पण परत खोलीत आली."

बाईंना मनापासून बरं वाटलं.

कुरकुर होती ती फक्त झाडलोट करणाऱ्या मावशींची. "रोज सकाळी त्या जबड्यांखाली पीठ सांडलेलं असतं. किती पुसायचं माणसानं?"

मावशी गेल्यावर बाईंनी कपाट उघडलं. प्लास्टरच्या दाढा झिजून हिरड्यांना टेकल्या होत्या. "माल कच्चा निघाला," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी दार लावून घेतलं. काका सुखानं झोपतायत, हे काय थोडं झालं?

दुसऱ्या दिवशी काका न बोलावता आले आणि सरळ खुर्चीत आडवे झाले. चेहरा कसा टवटवीत दिसत होता.

"नवीन माप घ्या, बाई," ते समाधानानं म्हणाले. "जुनं आज रात्रीपुरतंच उरलंय. आणि या वेळी माल तेवढा पक्का वापरा."