घरातल्याच माणसाने

परदेशी सुनेच्या, हेदरच्या खोडी सरोजिनीबाईंनी पोटात घातल्या होत्या, पण ही नवी खोड त्यांच्या डोक्यात गेली होती. ऐन दिवेलागणीला ती बाल्कनीत जायची, तिथल्या रिकाम्या लाकडी पेटीवर बोटाच्या पेराने तीनदा टकटक करायची आणि वाकून पेटीशी काहीतरी बोलायची. पोटुशी बाई, आठवा लागलेला. इकडे सरोजिनीबाई देवापाशी निरांजन लावतायत आणि तिकडे टक, टक, टक. आत कोणीतरी आहे आणि दार उघडत नाहीये, असं.

"यतीन, तुझी बायको पेटीशी बोलते."

"बोलू दे गं आई. तिच्या आजोबांची आहे ती."

"मग आजोबा बसलेत का आत?"

यतीन हसला नाही. लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसला.

पेटी मधमाश्यांची होती. हेदरचं माहेर म्हणजे इंग्लंडातलं मूठभर घरांचं खेडं. आई लहानपणीच गेलेली. बाप तिथे एकटा राहायचा, माश्या पाळायचा. लग्नानंतर जपानला येताना पोरीने माहेरचं म्हणून दुसरं काही आणलं नाही, ही जुनी पेटी आणली. दर रविवारी बापाचा फोन यायचा. बोलणं संपलं की तो बागेत जाऊन फोन माश्यांच्या पेटीजवळ धरायचा, आणि इचिकावातलं ते सहाव्या मजल्यावरचं घर गुंगुं आवाजाने भरून जायचं. हेदर डोळे मिटून ऐकायची. सरोजिनीबाईंच्या अंगावर काटा यायचा. पदराआड शेकडो बायका कुजबुजतायत असं त्यांना वाटायचं.

आता ते फोन बंद झाले होते. बाप गेला होता.

खबर यतीनच्या फोनवर आली तेव्हा हेदर आंघोळीला गेली होती. न्हाणीघराचं दार उघडायच्या आत सरोजिनीबाईंनी ठरवून टाकलं. "सांगायचं नाही. मूल हातात येऊ दे." आधीचं एक पडलं होतं. यतीनने बायकोला सांगितलं, बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. तिकडच्या शेजारणीलाही तेच बोलायला पढवलं. माती गावाने दिली.

यात सरोजिनीबाईंना काही वावगं वाटलं नाही. यतीनच्या वेळी त्यांच्यापासूनही असंच लपवलं होतं. तिकडे माहेरी आई गेलेली आणि इकडून ह्या निरोप धाडतायत, आईला म्हणावं, बारशाची कुंची तुझ्याच हातची हवी. सासरची माणसं माना डोलवायची. कुंची आलीसुद्धा. बारसं उरकल्यावर कळलं की ती मामीने शिवली होती. "काय बिघडलं? मूल धडधाकट निघालं," असं त्या आजवर सगळ्यांना ऐकवत आल्या. ती कुंची मात्र त्यांनी पुन्हा यतीनच्या डोक्याला लावली नाही. ती कुठे गेली, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पण बाळ यायच्या आत पेटी घराबाहेर जायला हवी होती. इथे मोठी वस्तू कचऱ्यात नुसती टाकून चालत नाही. कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दिवसरात्र उघड्या दुकानातून, स्टिकर विकत आणून त्या वस्तूवर डकवायचं, मग गाडी येऊन नेते. पाळण्याला जागा हवी, असं सांगून त्यांनी यतीनकडून स्टिकर आणवलं. हेदर आत आडवी झालेली पाहिली आणि दिवे लागायच्या सुमाराला त्या बाल्कनीत शिरल्या. उंचीच्या भीतीने आजवर त्यांनी तिथे पाय ठेवला नव्हता.

पेटीला काळी पट्टी बांधलेली होती. हेदरच्या ओढणीची. चार बाजूंनी नीट ताणून, पुढे गाठ मारलेली.

"आई, ते राहू द्या."

हेदर मागे उभी होती, एक हात कमरेवर.

"भरल्या घरात काळं कशाला बांधलंस?"

हेदरचं मराठी सावकाश होतं, पण स्वच्छ. "आमच्या गावात घरातलं कोणी गेलं की माश्यांना सांगतात. काळं बांधतात, तीनदा टकटक करतात आणि सांगतात. घरातल्याच माणसाने सांगायचं असतं. नाही सांगितलं, तर त्या निघून जातात."

सरोजिनीबाईंनी स्टिकर मुठीत दडवलं. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. मी शेजारणीला फोन केला. ती म्हणाली, डॅड ठीक आहेत. मी म्हटलं, मग फोन जरा पेटीजवळ धर." तिने पट्टीची गाठ नीट केली. "आवाज नव्हता."

खालून स्टेशनाकडे एक सायकल घंटी वाजवत गेली.

"मग आम्हाला का नाही बोललीस?"

"तुम्ही दोघं इतक्या मेहनतीने लपवत होतात." हेदर पेटीकडे पाहत राहिली. "म्हणून हिला सांगते. पण ही रिकामी आहे, आई. ऐकू गेलं की नाही, कळत नाही. म्हणून रोज सांगते."

स्टिकर सरोजिनीबाईंच्या तळहाताला चिकटून बसलं होतं. त्यांनी ते ओरबाडून काढलं, चुरगाळून कनवटीला खोचलं. देवापाशी निरांजन अजून लागायचं होतं. घरात आता अंधार होता आणि त्या अंधारात कोणीतरी कुंची शिवत बसलंय, असं त्यांना वाटलं.

त्या हेदरच्या जवळ गेल्या. बोटाचं पेर वाकवून त्यांनी तिच्या खांद्यावर हलकेच ठोठावलं. एकदा. दोनदा. तीनदा.

"लबाड आहेस तू, माझ्यासारखीच," त्या म्हणाल्या. "आता ऐक. हेदर, तुझा बाप गेला."